दुपारची झोप मोजायची नाही

माझ्या शेजारच्या फ्लॅटच्या दारावर एक पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या शाईने, पट्टी लावून आखलेल्या रेघांवर एकेक अक्षर बसवलेलं: ‘दुपारी १ ते ४ विश्रांती. बेल वाजवू नये. घड्याळ नसल्यास शेजारी विचारावे.’ शेजारी म्हणजे मी. सिंहगड रस्त्यावरच्या त्या सोसायटीत मी राहायला आले त्याच आठवड्यात कुरिअरवाला, गॅसवाला आणि विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असे तिघेजण माझी बेल दाबून किती वाजले ते विचारून गेले. चौथा आला तेव्हा माझं डोकं फिरलं. चार वाजून एक मिनिट झाल्यावर मी तणतणत शेजारची बेल दाबली. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं लावलेल्या एका गृहस्थांनी. मी म्हटलं, “लोक मला वेळ विचारतात.” ते म्हणाले, “मग सांगत चला. आहे ना घड्याळ?” आणि माझ्या तोंडाकडे जरा बघून पुढे म्हणाले, “चहा टाकलाय. आत येता, की दारातच भांडायचंय?”

मी यवतमाळची. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. खराडीपासून इतक्या लांब भाड्याने घर का घेतलं असं कुणी विचारलं तर धड उत्तर देता येत नाही. बाल्कनीतून टेकडी दिसली आणि मी हो म्हणून बसले, एवढंच. शेजारचे काका मला नावाने हाक मारायचे नाहीत. “काय यवतमाळ, आज लॅपटॉपला सुट्टी दिलीत?” असं त्यांचं चालायचं. मीही मनातल्या मनात त्यांचं नाव मोजणीकाका ठेवून टाकलं. कारण हा माणूस सगळं मोजायचा. जिन्याच्या पायऱ्या, दुधाला उकळी यायला लागणारा वेळ, लिफ्ट बंद असलेले दिवस, सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी ‘म्हणजे’ किती वेळा म्हटलं ते.

दोष त्यांचा नव्हता. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, गाळ मोजण्यात गेली होती. खडकवासल्याच्या तलावात होडीतून फिरायचं, पाण्याखाली आवाज सोडायचा, तळाला आपटून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढायची, आणि गेल्या मोजणीपेक्षा खोली कमी भरली की तेवढा गाळ वाढला असं समजायचं. “अख्ख्या पुण्याला वाटतं धरणात पाणी असतं,” ते म्हणायचे. “मला ठाऊक आहे काय असतं ते.” एकदा तलावाच्या एका कोपऱ्यात पाणवनस्पती इतकी माजली होती की होडी आत जाईना. साहेब म्हणाले, तेवढा कोपरा अंदाजाने भरून टाका. काकांनी कागदावर सही करायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी विळे घेऊन, वाट कापत तो कोपरा मोजून आले. “अंदाजावर धरणाचे दरवाजे उघडायचे असतात का?” हे त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितलं असेल. मीही मोजायला लागले होते.

त्या घराची दुपार मला अजून आठवते, आणि आठवली की डोळे आपोआप जड होतात. एक वाजला की शेजारच्या खिडकीचा निळा पडदा ओढल्याचा आवाज यायचा. मग सगळी गल्लीच हळूहळू पाण्याखाली जायची. कुकरची शेवटची शिट्टी, कुणीतरी घासून पालथं घातलेलं पातेलं, कबुतरांचं घुमणं, आणि त्यानंतर काहीच नाही. माझ्या लॅपटॉपवर कुणीतरी इंग्रजीतून कसली तरी डेडलाइन समजावत असायचं आणि मला भिंतीपलीकडचं घड्याळ ऐकू यायचं. चारला पडद्याच्या कड्या वाजायच्या. काका बाल्कनीत यायचे, आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर लाकडी पट्टीने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, “यवतमाळ, टाकतोय.”

चहा गवती चहा घातलेला असायचा. काकू महापालिकेच्या शाळेत चाळीस-चाळीस मुलांना सांभाळून निवृत्त झालेल्या, त्यामुळे घरात एकाच माणसाला सांभाळायचं त्यांना काही वाटत नसे. चहाबरोबर काका दुपारचं स्वप्न सांगायचे. स्वप्न बहुतेक एकच असायचं. तलावाचं पाणी तळापर्यंत नितळ झालेलं आहे, होडी हलत नाही, खाली जुन्या शेतांचे बांध दिसतात, पायऱ्यांची विहीर दिसते, आणि काका दोर सोडतात तो त्या विहिरीत जातच राहतो, टेकत नाही. “मग किती भरली खोली?” मी विचारायचे. “दोर संपायच्या आत हिने भांडं आपटलं,” असं म्हणून ते काकूंकडे बघायचे. त्यांच्या मते दुपारची स्वप्नं चांगली. रात्रीच्या स्वप्नात नुसते साहेब येतात.

‘आधी मोजा, मग रडा’ हे त्यांचं ब्रीद होतं. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रडत होते. काकूंनी पाठीवर हात ठेवला. काका म्हणाले, “दिवसातून किती वेळा?” मला इतका राग आला की मी खरंच मोजून सांगितलं, सात. त्यांनी कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात सात लिहिलं. रोज चहाला गेले की विचारायचे. सहा, सहा, पाच, परत सहा, तीन. एके दिवशी त्यांनी विचारलं आणि मला आठवेना. “झालं,” म्हणाले, “गाळ बसला खाली. पाणी वापरायला हरकत नाही.”

फक्त एक गोष्ट ते मोजायचे नाहीत. काकू कधी चेष्टेने म्हणायच्या, “रात्रीचे सात आणि दुपारचे तीन, दहा तास झोपतो हा माणूस.” काका शांतपणे म्हणायचे, “दुपारची झोप मोजायची नाही. ती पुण्याच्या हवेत धरलेली आहे.” आम्ही हसायचो. पुढे याच वाक्यावरून मी त्यांच्याशी आयुष्यातलं सगळ्यात वाईट वागणार होते, किंवा चांगलं. अजून मला नक्की सांगता येत नाही.

सुरुवात पट्ट्यापासून झाली. काकांनी कमरेचा पट्टा सैल करायला टोकाकडे एक नवं भोक पाडून घेतलं. हातपाय वाळत चालले होते, पोट मात्र सुटल्यासारखं दिसत होतं. मोज्यांचा वळ घोट्यावर संध्याकाळपर्यंत राहायला लागला. त्यांनी दर सोमवारी शिंप्याच्या टेपने स्वतःला मोजून वहीत लिहायला सुरुवात केली आणि चौथ्या सोमवारी वही घेऊन डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. काकूंचे गुडघे दुखत होते म्हणून काकांबरोबर मी गेले. पोटावर जेली लावून ते यंत्र फिरायला लागलं तसे काका मान वळवून पडद्याकडे बघू लागले. “हे आमचंच यंत्र,” ते त्या तपासणाऱ्या डॉक्टरांना म्हणाले. “आवाज सोडायचा आणि परत येतो का बघायचं. किती खोलीवर आहे?” डॉक्टरांनी विचारलं, काय? “जे बघून तुम्ही बोलायचं थांबलात ते.”

लिव्हरच्या उजव्या बाजूला गाठ होती, आणि लिव्हरच आकसून खडबडीत झालं होतं. आता लिव्हर म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये पट्टी लावून लिहिलेला कागद दिसला: ‘फ्लॅट क्र. ९ मधील रहिवाशांचे यकृत बिघडले आहे. ते दारू पीत नाहीत. चौकशी समाप्त.’ पुढच्या रक्ततपासणीत कारण सापडलं. बी प्रकारच्या काविळीचे विषाणू कित्येक वर्षांपासून अंगात मुक्कामाला होते. कधी शिरले ते सांगता येत नाही, असं लिव्हरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. काकांना कधी दुखलं नव्हतं, खुपलं नव्हतं. त्यांना याचंच वाईट वाटलं. “इतकी वर्षं गाळ साचत होता,” ते म्हणाले, “आणि माझ्याच घरात मोजणी नाही.”

या डॉक्टरबाई त्यांना मनापासून आवडल्या होत्या. वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या, बोलणं तुटक, नजर कागदावर. रक्तात कॅन्सरची खूण सांगणारा एक आकडा असतो, तो काकांचा वाढलेला आला. मी घाबरून विचारलं, म्हणजे नक्की? त्या म्हणाल्या, “नुसत्या या आकड्यावर मी काही ठरवत नाही. कधी कॅन्सर असून आकडा ठीक असतो, कधी कॅन्सर नसून वाढतो. फोटो बघू.” काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “बाई मोजणीतल्या आहेत.”

फोटो म्हणजे सीटी स्कॅन. शिरेतून औषध सोडतात आणि ते लिव्हरमध्ये पोचताना, भरताना, ओसरताना असे निरनिराळ्या क्षणी फोटो घेतात. डॉक्टरबाईंनी ते आम्हाला पडद्यावर दाखवले. पहिल्या फोटोत बाकी लिव्हर करडं आणि गाठ तेवढी उजळलेली. नंतरच्या फोटोत बाकीचं उजळलं आणि गाठ काळवंडली. काकांनी घरी येऊन काकूंना ते चहाच्या बशीवर बोटाने काढून समजावलं. “लिव्हरला दोन कालवे येतात. मोठा आतड्यांकडून, छोटा हृदयाकडून. चांगलं लिव्हर मुख्यतः मोठ्या कालव्यावर जगतं. ही गाठ छोट्या कालव्यावर बसलीय. म्हणून आधी भरते आणि आधी रिकामी होते. चोरून पाणी घेणारा असाच सापडतो.” काकूंनी विचारलं, “सुई घालून तुकडा नाही काढणार?” हाच प्रश्न काकांनीही डॉक्टरबाईंना विचारला होता, जरा नाराजीने, कारण तळाच्या मातीचा नमुना घेतल्याशिवाय त्यांनी कधी अहवाल दिला नव्हता. पण असं आकसलेलं लिव्हर असेल आणि फोटो इतका बोलका असेल तर सुईची गरज नसते, उलट रक्तस्राव व्हायची भीती असते, असं त्या म्हणाल्या होत्या.

मग टप्पा ठरवायचं काम आलं. आजार कुठल्या टप्प्याला आहे त्यावर पुढे काय करायचं हे ठरतं. मला वाटायचं, गाठ केवढी आहे ते बघितलं की झालं. पण लिव्हरचं तसं नसतं. डॉक्टरबाईंनी आधी गाठी मोजल्या: एक लिंबाएवढी, शेजारी बोराएवढी दुसरी. मोठ्या शिरेत शिरल्या नव्हत्या, छातीत काही गेलं नव्हतं. मग लिव्हरचं बळ मोजलं. त्याच्या पाच गोष्टी असतात: रक्तातली कावीळ, रक्तातली प्रथिनं, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटात साचलेलं पाणी, आणि माणसाचं डोकं ताळ्यावर आहे की नाही. आणि शेवटी माणूस दिवस कसा घालवतो ते. काका खूश झाले. “बरोबर आहे,” म्हणाले. “गाळ किती, भिंत किती मजबूत, आणि गावात नळाला पाणी येतंय का. तिन्ही मोजल्याशिवाय धरणाबद्दल बोलू नये.”

डॉक्टरबाईंसमोर एक छापील कागद होता. त्यावर टप्प्यांच्या चौकटी होत्या आणि प्रत्येकीखाली उपाय. मधल्या चौकटीखाली लिहिलं होतं की जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट गाठीपर्यंत नेऊन तिथे औषध सोडायचं आणि तिचा रक्तपुरवठा बंद करायचा. शेवटच्या चौकटीखाली फक्त ‘आराम मिळेल असे उपचार’ एवढंच होतं. काकांना उलटं वाचता यायचं. साहेबांच्या टेबलापलीकडे उभं राहून शिकलेली विद्या ती. डॉक्टरबाईंनी विचारलं, “विसरायला होतं? गोंधळ उडतो?” “छे,” काका म्हणाले. “दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो?” काकांनी त्या शेवटच्या चौकटीकडे बघितलं. “दुपारी जरा पडतो.” डॉक्टरबाई पुण्याच्याच. पहिल्यांदाच हसल्या. “ते काय, मिळालं तर मीही पडते,” म्हणाल्या आणि मधल्या चौकटीत खूण केली. नळीच्या उपचाराची तारीख ठरली.

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर पाटी होती. गेल्या दोन महिन्यांत ती बदलली होती. आधी ‘४’ वर पट्टीने रेघ मारून ‘५’ आलं होतं. मग ‘५’ वर रेघ आणि ‘६’. मग ‘दुपारी १’ वर रेघ मारून ‘सकाळी ११’. लोक पाटी बघून बेल वाजवतात, त्यामुळे पाटीवर चुकीचं लिहिणं काकांना जमणं शक्य नव्हतं. निळा पडदा अकराला ओढला जायचा आणि सहाला उघडायचा. भिंतीवरची टकटक दिवेलागणीला व्हायला लागली होती, कधी होतच नव्हती. मी समजत होते, म्हातारपण आहे, आजार आहे, झोपू दे बिचाऱ्यांना.

रिक्षात मी म्हटलं, “काका, सात तासांना जरा पडणं म्हणत नाहीत.” ते बाहेर बघत म्हणाले, “दुपारची झोप मोजायची नाही. ती पद्धत आहे, यवतमाळ. खोटं नाही.” काकू त्या दिवशी गुडघे दुखत असूनही बरोबर आल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

पुढचे दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. माणसाने आशा धरलीय, तारीख मिळालीय, काकूंनी दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवलीय. मी कोण लागून गेले होते? भाड्याने राहणारी पोरगी, घड्याळापुरती शेजारी. मी तोंड उघडलं आणि त्यांना शेवटच्या चौकटीत टाकलं तर? आणि नाही उघडलं, आणि त्या नळीनेच त्यांना काही झालं तर? दुपारभर त्या बंद निळ्या पडद्याकडे बघत बसायचे आणि मला तो अंदाजाने भरायचा राहिलेला कोपरा आठवायचा. शेवटी काकूंकडे गेले. काका आत झोपले होते. मी म्हटलं, मला डॉक्टरबाईंना पाटी दाखवायची आहे. काकू बराच वेळ भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू दाखव. माझ्याने नाही व्हायचं.”

उपचाराआधीच्या तपासणीला काका रक्त द्यायला आत गेले तेव्हा मी मोबाइलवरचा पाटीचा फोटो डॉक्टरबाईंपुढे धरला. त्यांनी तो मोठा करून बघितला. खोडलेला चार, खोडलेला पाच, सहा. खाली येता येता आकडे वाकडे होत गेले होते. तेही त्यांच्या लक्षात आलं, माझ्या नव्हतं आलं. “रात्री झोपतात का?” त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, “टक्क जागे असतात. छताच्या फरश्या मोजतात म्हणे. आमच्या छताला फरश्या नाहीत हो.” आणि मग त्या रडायला लागल्या.

काका आले तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितलं, वाहतूक थांबवतात तसे. काकांचे पंजे मधूनच गळून पडायचे, परत उभे राहायचे. “शंभरातून सात वजा करत चला,” त्या म्हणाल्या. “त्र्याण्णव,” काका म्हणाले. “शहाऐंशी.” मग ते थांबले. आम्ही सगळे थांबलो. त्यांनी खिशातल्या पेनला हात लावला, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर तलाव मोजलेला माणूस शहाऐंशीवर उभा होता आणि पुढचं पाऊल त्याला सापडत नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “काका, ही दुपारची झोप नाही. लिव्हरला रक्त नीट साफ करता येत नाहीये, ते विष डोक्यात चढतंय, म्हणून दिवसा झोप आणि रात्री जाग. त्या पाचातलं हे पाचवं. मला हे कळलं नसतं आणि उद्या नळी घातली असती तर लिव्हर पार बसलं असतं. उद्याचं रद्द. आधी डोकं ताळ्यावर आणू, मग परत मोजू.” काकांनी फक्त विचारलं, “कुणी सांगितलं?” उत्तराची वाट न बघता त्यांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर एक ओळ वाढलेली होती. अक्षर थरथरतं, पण रेघ पट्टीने आखलेली: ‘फोटो काढण्यास मनाई आहे.’ मी दारात उभी राहून ती वाचली आणि आत जाऊन रडले. त्या दिवशी मोजलं नाही. आठ दिवस भिंतीवर टकटक झाली नाही.

गोड औषधाची एक बाटली दिली होती, पोट साफ ठेवून ते विष बाहेर काढणारी. दिवसातून तीनदा संडासला जावं लागे, आणि काकू सांगायच्या, काका तेही वहीत लिहायला लागले होते. मी कान देऊन ऐकायचे. पडदा आधी साडेपाचला उघडला, मग पाचला, मग एके दिवशी साडेचारला. नवव्या दिवशी बाल्कनीत लाकूड वाजलं. “यवतमाळ, टाकतोय. गवती चहा संपलाय, तसाच चालेल का?” मी गेले. त्यांनी कप पुढे केला आणि म्हणाले, “एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट.” शून्याच्या जवळ जाऊन थांबले. मग हळूच म्हणाले, “एक कोपरा अंदाजाने भरला होता मी. तो छापील कागद वाचला आणि भ्यालो.” माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी म्हटलं, “थांबा, मोजते.” ते म्हणाले, “आज नको मोजूस.” तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला तू म्हटलं होतं.

महिन्याने परत सगळी मोजणी झाली. डोकं ताळ्यावर आलं होतं, पण पाचातल्या बाकीच्या चारही गोष्टी बिघडल्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्यांच्यादेखत शेवटच्या चौकटीत खूण केली. “गाठीसाठी करण्यासारखं आता फारसं नाही,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्यासाठी बरंच आहे.” काकांनी कागद आपल्याकडे वळवून घेतला, पहिल्यांदाच सरळ वाचला. “बरोबर आहे,” म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी काकूंना आणि मलाही त्या काविळीची तपासणी करायला लावली आणि लस टोचून घ्यायला लावली. मी म्हटलं, माझा काय संबंध? “पाटीवर लिहिलंय ना, शेजारी विचारावे. मी विचारतोय.” त्याच आठवड्यात मी यवतमाळला बाबांना फोन केला. त्यांना बारा वर्षं मधुमेह आहे, पोट सुटलंय, आणि लिव्हर त्यानेही बिघडतं हे आता मला ठाऊक होतं. “बाबा, दुपारी किती झोपता?” “थोडंसं पडतो न् व बाई, काहून?” मी म्हटलं, थोडंसं नको, घड्याळ बघून सांगा. बाबा हसले. पण पंधरा दिवसांत त्यांची सोनोग्राफी करून घेतली मी.

थंडीत एकदा काकांना तलावावर घेऊन गेलो. गाडी काठाशी उभी केली, काच खाली घेतली. पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडचे डोंगर उलटे उभे राहिले होते. वारा नव्हता. काका मागच्या सीटवर काकूंच्या खांद्याला टेकून बसले होते आणि बोटाने दाखवत होते, इथे बांध, इथे आंब्याची झाडं होती म्हणे, त्या तिथे विहीर. “खरंच आहे विहीर?” मी विचारलं. “जुन्या नकाशात आहे. मोजायची राहिली.” मग त्यांचे डोळे मिटले. दुपारचे दोन वाजले होते. काकू म्हणाल्या, झोपू दे. आम्ही तिघं तास-दीड तास तसेच बसून राहिलो, आणि मलाही मध्येच कधीतरी डोळा लागला, आणि खाली सगळं नितळ दिसत होतं.

फाल्गुनात, एका सकाळी, पडदा ओढायच्या वेळेला ते गेले. दुपारी एकच्या सुमारास त्यांना नेलं, आणि माणसं परतली तेव्हा जिन्यात मी एकटीच होते. दार सताड उघडं होतं. पाटी दाराबरोबर आत वळली होती, ती मी हाताने समोर आणली. चार खोडलेला, पाच खोडलेला. आणि सगळ्यात खाली ‘फोटो काढण्यास मनाई आहे’ या ओळीवर एक बारीक, सरळ, पट्टी लावून मारलेली रेघ होती. मी कधी पाहिली नव्हती ती. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, “परवा सकाळी माझ्याकडे पट्टी मागितली. धरून दारापर्यंत नेलं. म्हटलं, आता काय आखायचंय? तर म्हणाले, एक दुरुस्ती राहिलीय.”

आता परवानगी होती. मी फोटो काढला नाही. त्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नव्हती, म्हणून मी माझ्या घरात आले, गॅसवर आधण ठेवलं, घड्याळ बघितलं. चारला दोन मिनिटं कमी होती. दोन मिनिटं थांबले. मग बाल्कनीत जाऊन मधल्या भिंतीवर बोटांनी दोनदा टकटक केली आणि म्हटलं, “काकू, टाकतेय.”